चिमुकल्या अंगावरचे कापड
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी आपल्याकडे कुणी प्रवासावर बोलते, कुणी मुलांच्या अभ्यासावर, कुणी उन्हाळ्यातल्या वाळवणांवर. यंदा चिटणीसबाईंनी मला सांगितले, "तुम्ही तुमच्या त्या बाहुल्यांवर बोला." बाहुल्या म्हटल्याचा मला मुळीच राग नाही. आमच्या शेजारच्या काकू तर दोन वर्षे विचारीत होत्या, "अगं, घरातली लेकरे मोठी झाली आणि तू आता कुणासाठी बाहुल्या रंगवतेस?" त्या काकू आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत, तेव्हा त्यांना उत्तर देण्याची ही चांगली संधी आहे.

समोर टेबलावर ठेवला आहे तो अर्धपुतळा आधी एकदा पाहून घ्या. हातात घेतलात तरी चालेल, पण खालच्या लाकडी ठोकळ्याला धरून घ्या. ही सतराव्या शतकातली एक डच बाई आहे. खऱ्या माणसाच्या एक दशांश मापाची. म्हणजे डोके सुपारीएवढे आणि एकंदर उंची चार बोटे. डोक्याला आणि खांद्यावर पांढरा लिननचा रुमाल, अंगात गडद लोकरी चोळीवजा जाकीट, आणि बाह्या पिवळ्या साटिनच्या. वस्तू रेझिनची, एकजिनसी. कारखान्यातून आली तेव्हा नखशिखान्त करडी होती. रुमाल, जाकीट आणि बाही या तिघांचा पृष्ठभाग बोटाला सारखाच गुळगुळीत लागतो. तरीसुद्धा मघाशी आपल्यापैकी एकीने पाहताक्षणी "बाही रेशमी दिसते हो" असे म्हटले. तो फरक सगळा रंगाने केलेला आहे, आणि तो कसा करायचा एवढेच मला आज सांगायचे आहे.

हा छंद मूळचा युरोपातला. अठराव्या शतकात जर्मनीतल्या न्युरेंबर्ग शहरी कथिलाचे चपटे शिपाई ओतून रंगवीत. पुढे मोठ्या माणसांनाही त्यांची गोडी लागली आणि १९३५ साली ब्रिटनमध्ये अशा हौशी लोकांची रीतसर संस्था निघाली. शिपायांपासून सुरुवात झाल्यामुळे या छंदात पुरुषांचा भरणा फार. गंमत अशी की, ज्या गोष्टीवर ते सर्वांत जास्त डोके खाजवतात ती म्हणजे गणवेशाचे कापड! लोकर लोकरीसारखी कशी दिसेल, रेशमी पट्टा रेशमासारखा कसा दिसेल, यावर त्यांची मोठमोठी चर्चा चालते. मी ती वाचते तेव्हा मनात येते की, दुकानात ठाण उलगडल्याबरोबर दोन बोटांत कापड धरून "यात सूत मिसळले आहे" असे सांगणाऱ्या बायका आमच्या आळीत निदान दहा सापडतील. कापडाची ओळख आपल्या हाताला आहेच. ती डोळ्याला करून द्यायची, एवढेच काम उरते.

आता तैलरंगच का, ते सांगते. बाजारात पाण्यात कालवायचे ॲक्रिलिक रंग मिळतात, ते पाचदहा मिनिटांत वाळतात. ज्याला सलग बसायला मिळते त्याला ते सोयीचे. आपले तसे नाही. ब्रश हातात घेतला की कुकरची शिट्टी होते, नाहीतर दारावरची घंटा वाजते. तैलरंग आपली वाट पाहतो. सकाळी लावलेला रंग दुपारची झाकपाक उरकून आले तरी ओलाच असतो, पुन्हा हलवता येतो, एका छटेत दुसरी मिसळता येते. याचे कारण त्यातले जवसाचे तेल. पाणी उडून जाते तसे ते उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेत घेत सावकाश घट्ट होते. जवस म्हणजे आपण चटणी करतो तेच. आणि युरोपात त्याच जातीच्या झाडाच्या देठापासून लिननचा धागा काढतात. म्हणजे या डच बाईच्या रुमालाचे कापड आणि तो रुमाल रंगवण्याचे तेल ही एकाच झाडाची भावंडे!

इथेच एक सावधगिरीची सूचना देऊन ठेवते. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. तेल प्राणवायू घेताना उष्णता निघते, ती बोळ्यात कोंडते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. चिंधी पाण्यात बुडवून ठेवावी किंवा उघड्यावर सपाट पसरून वाळू द्यावी. टर्पेंटाइनचे झाकण लावलेले असावे, खिडकी उघडी असावी, आणि रंगाचा हात धुतल्याशिवाय कणकेला लावू नये.

प्रत्यक्ष काम असे. पुतळा साबणाच्या पाण्याने धुवायचा, साच्याच्या रेघा बारीक पॉलिशकागदाने घासायच्या, आणि औषधाच्या रिकाम्या बाटलीवर मेणाने बसवायचा, म्हणजे हाताळताना त्याला बोट लागत नाही. मग प्रायमर, म्हणजे अस्तराचा पातळ हात. त्यावर ॲक्रिलिकचा सपाट थर. ॲक्रिलिकवर तैलरंग बसतो. तैलरंगावर ॲक्रिलिक मात्र धरत नाही, हा क्रम ध्यानात ठेवावा. तैलरंग ट्यूबमधून मुगाच्या दाण्याएवढा काढून जाड पुठ्ठ्यावर तासदोनतास ठेवायचा. पुठ्ठा जास्तीचे तेल पिऊन घेतो आणि रंग वाळल्यावर चकाकत नाही. सुती किंवा लोकरी कापड चकाकले की संपले. मग ते कापड न राहता रेनकोट होतो.

रंग किती लावायचा? फोडणीत हिंग घालतो तितका. आणि ब्रश फार बारीक नको. टोक नीट जुळणारा एक नंबरचा ब्रश पुरतो. त्याच्या पोटात रंग राहतो आणि टोक बारीक काम करते. छटा एकमेकींत मिसळायला दुसरा एक कोरडा, मऊ ब्रश असावा.

आता खरा प्रश्न. कापडाचा पोत दाखवायचा म्हणजे धागे काढायचे का? मुळीच नाही, आणि का नाही याचा हिशेब सोपा आहे. पाव मिलिमीटर जाडीचा भरड धागा घ्या. पुतळा एक दशांश मापाचा, म्हणजे त्यावर तो धागा मिलिमीटरचा चाळिसावा भाग होईल. माणसाचा केससुद्धा याहून जाड असतो. तो काढता येणार नाही, आणि काढला तरी कुणाला दिसणार नाही. तेव्हा आपण धागे रंगवत नसतो; त्या धाग्यांवर उजेड पडल्यावर काय होते, ते रंगवत असतो.

हे पटवून घ्यायचे असेल तर घरी एक प्रयोग करा. दुपारी खिडकीजवळ खुर्ची ठेवा. तिच्या पाठीवर एक लोकरी शाल, एक धुवट पंचा आणि एक रेशमी खण शेजारी शेजारी टाका. मग चार पावले मागे जाऊन डोळे किलकिले करून पहा. रंग विसरा आणि फक्त उजेड कुठे आहे, सावली कुठे आहे ते पहा.

लोकरीच्या शालीवर उजेडाचा एकही ठिपका चमकत नाही. तिच्या चुण्या जाड, गोल. उजेडातून सावलीत जाताना कडा कुठे लागली ते कळतच नाही. म्हणून लोकर रंगवताना सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद छटा यांत अंतर थोडे ठेवायचे. मिश्रण मऊ करायचे, आणि रंग ओलसर असतानाच केस झिजलेल्या जुन्या ब्रशाने हलके हलके टिपत जायचे. वरणाला घोटणी नको तिथे नुसती पळी लावतो, तसा हात हलका हवा. त्या अस्पष्ट ठिपक्यांतून लोकरीची लव दिसते.

पंचाच्या चुण्या मोडलेल्या, कोनदार. सूत आणि लिनन सुरकुततात. इस्त्री मोडली की कडा उमटतात. तिथे उजेड-सावलीची हद्द स्पष्ट ठेवायची. थर वाळल्यावर अगदी पातळ रंगाने आडव्या-उभ्या तुटक रेघा द्यायच्या, पण सगळीकडे नव्हे. नीट पाहिलेत तर ध्यानात येईल की, भर उजेडात पोत दिसत नाही, दाट सावलीतही दिसत नाही. उजेड जिथे कापडाला घासून तिरपा जातो, त्या मधल्या पट्ट्यातच विणीचा खरखरीतपणा उठून दिसतो. रेघा द्यायच्या त्या तिथेच. ही एक गोष्ट समजली की निम्मे काम झाले.

खणाचे किंवा साटिनचे सगळेच निराळे. तिथे उजेड आणि सावली सख्ख्या शेजारणींसारख्या खेटून उभ्या राहतात. चुणीच्या माथ्यावरून उजेडाची एक लकीर धावते, ती लगेच गडद रंगाला भिडते, आणि त्या गडदातही शेजारच्या वस्तूचा रंग उमटतो. या डच बाईच्या पिवळ्या बाहीच्या सावलीत मी काळा घातलेला नाही. बाहीच्या आतल्या अंगाला जाकिटाचा तपकिरी रंग आणला आहे, कारण साटिन शेजार घेते. सतराव्या शतकात हेरार्ड तेर बोर्ख नावाचा डच चित्रकार या साटिनचा राजा होता. ॲमस्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयात त्याचे एक चित्र आहे. त्यातली बाई पाठमोरी आहे, चेहरा दिसतच नाही, पण तिच्या रुपेरी झग्याच्या चुण्यांवरून नजर हलत नाही.

मखमल आणखी उलटी. तिचे केस उभे असतात, म्हणून समोरून पाहिले तर ती उजेड गिळते आणि अंग वळते त्या कडेला उजळते. मखमलीला मध्ये गडद आणि कडेला फिकट रंगवा, पाहणारा फसलाच!

आपल्या धूपछाव कापडाला तर उजळ आणि गडद एवढ्याने भागतच नाही. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या. चुणीच्या एका उतारावर हिरवा दिसतो, दुसऱ्यावर लाल. म्हणून तिथे सावलीसाठी रंग गडद न करता रंगच बदलायचा. हे मी कुठल्या पुस्तकावरून शिकले नाही. कपाटातली जुनी साडी खिडकीत धरून शिकले.

दोन रंग फार अवघड मानतात, पांढरा आणि काळा. पांढऱ्याची युक्ती आपल्याला आधीच ठाऊक आहे. आपण पांढरे कपडे नीळ घालून पांढरे करतो, नाही का? तेच इथे. लिननच्या रुमालात निव्वळ पांढरा रंग दोनचार बिंदूंपुरताच आहे. बाकी सगळे पांढऱ्यात किंचित निळा, किंचित पिवळा, किंचित राखी. काळ्या कापडासाठी नुसता ट्यूबमधला काळा वापरला की कापडात भोक पडल्यासारखे दिसते. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर तपकिरी मिसळले की काळा होतो. निळा जास्त घातला तर थंड काळा, तपकिरी जास्त घातला तर ऊबदार. फ्रान्स हाल्स या डच चित्रकाराकडे सत्तावीस प्रकारचे काळे असावेत, असे व्हॅन गॉगने १८८५ साली आपल्या भावाला कळवले होते. आपल्या चंद्रकळा नेसलेल्या आज्यांना विचारा, नवी चंद्रकळा आणि दहा वेळा धुतलेली चंद्रकळा यांत त्या किती काळे मोजतात!

आपल्याकडे हे पाहायला मिळत नाही असे मात्र समजू नका. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांनी तैलरंगात नऊवारीच्या निऱ्या आणि जर कशी उतरवली, ते आपण छापील चित्रांतून पाहिलेलेच आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकत असता गणपतराव म्हात्रे यांनी १८९६ च्या सुमारास 'मंदिरपथगामिनी' हा पुतळा घडवला. देवळाला निघालेली नऊवारीतली तरुणी, आणि पुतळा प्लास्टरचा, म्हणजे रंगाचे बोटही नाही. तरी लुगडे कुठे अंगाला चिकटले आहे आणि कुठे सुटले आहे, ते दिसते. आधी चुणी, मग रंग, हा धडा त्यात आहे.

आता दुसऱ्या अर्धपुतळ्याविषयी सांगते. तो मुद्दामच बाजूला ठेवला आहे. तो माझ्या आजेसासूबाईंचा. गणपती घडवणाऱ्या एका कारागिराकडून प्लास्टरचा करून घेतला. प्लास्टर तेल पिते, म्हणून आधी चपडा लाखेचे दोन पातळ हात दिले. त्यांचा एकच फोटो घरात आहे, कृष्णधवल, कुणाच्या तरी लग्नातला, घोळक्यात उभ्या असलेल्या.

घरात मोठा वाद झाला. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "जन्मभर कष्ट केले त्यांनी. आता निदान पुतळ्यात तरी पैठणी नेसव." नणंदेचेही तेच म्हणणे. त्यात प्रेमच होते, आणि पैठणी रंगवायला मलाही आवडली असती. पण भिंग घेऊन मी फोटो पाहू लागले. फोटोत रंग नव्हता, चुण्या मात्र होत्या. खांद्यावरची चुणी जाड, मोडलेली. कुठेही उजेडाची लकीर नाही. ते रेशीम नव्हते. लग्नघरातसुद्धा त्या भरड सुती लुगड्यातच उभ्या होत्या.

रंग कोणता, ते फोटो सांगेना. म्हणून सासूबाईंना विचारले. त्यांचे वय आता ब्याऐंशी आहे. दिवस कोणता ते त्या कधी विसरतात, पण लुगड्याचा प्रश्न केल्याबरोबर सावरून बसल्या. म्हणाल्या, "वांगी रंगाचे होते. डाव्या खांद्यावर विटले होते, कारण धुणे नेहमी तिकडच्या खांद्यावर टाकून आणायच्या. पदराला एक ठिगळ होते, ते मीच लावले. धुतल्यावर वाळले की कापड असे ताठ व्हायचे की बसल्यावर आवाज यायचा." भगिनींनो, मी या घरात इतकी वर्षे आहे, पण हे कुणी कधी बोलले नव्हते. कुणी विचारलेच नव्हते.

मी वांगी रंगच दिला. डावा खांदा पांढरट यलो ऑकरने किंचित विटवला. चुण्यांच्या कडा स्पष्ट ठेवल्या, म्हणजे ताठपणा दिसावा. ठिगळ गव्हाच्या दाण्याएवढे आहे. त्याचा वांगी थोडा ताजा, कारण ठिगळाचे कापड नेहमी नंतरचे असते. सगळ्याला तीन आठवडे लागले, रोज तासभर. मधल्या काळात पुतळा काचेच्या बरणीखाली झाकून ठेवीत असे, कारण ओल्या रंगाला सर्वांत मोठा शत्रू म्हणजे घरातली धूळ.

वाळल्यावर सासूबाईंना दिला. चेहऱ्याकडे त्यांनी फारसे पाहिले नाही. बोट खांद्यावर ठेवून म्हणाल्या, "हो, हेच ते." जाऊबाई अजून म्हणतात की पैठणी शोभली असती. शोभली असती, यात शंका नाही. पण मग त्या पुतळ्यात पैठणी राहिली असती, आणि आजेसासूबाई राहिल्या नसत्या. ज्या कापडात त्यांनी आयुष्य काढले ते नीट, निगुतीने रंगवणे हाही मान देण्याचाच एक प्रकार आहे, असे मला वाटते.

शेजारच्या काकूंच्या प्रश्नाचे उत्तर यातच आले. कुणासाठी रंगवतेस? पहिली गोष्ट, माझ्यासाठी. दिवसाचा एक तास माझा असावा, आणि त्याचे काही लोणचे-पापड होऊ नये, यात मला काही गैर दिसत नाही. तैलरंग वाट पाहतो म्हणून घरालाही त्याची झळ लागत नाही. दुसरी गोष्ट, आपल्यातल्या ज्येष्ठ बायकांच्या हातांत जी कापडे होऊन गेली, त्यांतली कित्येक आता विणली जात नाहीत. त्यांचे नाव कदाचित पुस्तकात सापडेल. पण ती धुतल्यावर कशी पडायची, कुठे विटायची, कोणत्या अंगाने आधी झिजायची, हे फक्त या बायकांना ठाऊक आहे. ते विचारायला काहीतरी निमित्त लागते. माझे निमित्त रंगाचे. कुणाचे भरतकामाचे असेल, कुणाचे नुसत्या गप्पांचे.

सुरुवात करायची तर फार खर्च नको. पांढरा, यलो ऑकर, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन आणि एक लाल, अशा पाच ट्यूबा. आपल्याकडे बनणाऱ्या चालतात. मुगाच्या दाण्याच्या हिशेबाने त्या कैक वर्षे पुरतात. विकतचा पुतळाही नको. गौरीपुढे मांडायचे जुने मातीचे चित्र, खेळण्यातले एखादे डोके, काहीही घ्या आणि त्याच्या खांद्यावर एकच रुमाल रंगवून पहा. आधी सुती, मग लोकरी, मग रेशमी.

चिटणीसबाईंची परवानगी गृहीत धरून एक विनंती करते. पुढच्या महिन्याच्या हळदीकुंकवाला येताना प्रत्येकीने घरातल्या जुन्या कापडाचा एक तुकडा आणावा, आणि शक्य झाल्यास ते वापरलेल्या आजीला, सासूबाईंना किंवा मावशीला बरोबर घेऊन यावे. मी रंग आणि ब्रश आणीन. तुकडे खिडकीत टांगू, पाहू आणि ऐकू. रंगवायचे की नाही, ते ज्याचे त्याने ठरवावे.

 जाण्यापूर्वी टेबलाजवळ येऊन दोन्ही पुतळे जरूर पहा. काकू, आपण सर्वांत आधी.